बारा फायकस आणि सावलीची सवय

मागल्या वर्षीच्या वार्षिक दिनाला अकॅडमिक ब्लॉकच्या लांब कॉरिडॉरमध्ये मांडलेल्या बारा फायकसांच्या कुंड्या जुन्या कॅडेटांना आठवत असतील. कुंड्या आठवत नसतील तर त्यांची पाने नक्की आठवतील, कारण महिनाभर ती रोज सकाळी फॉलइनच्या आधी झाडावी लागत होती. हा लेख त्या पानांबद्दल आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, शाळेच्या बागेचे कामही माझ्याकडेच आहे, आणि त्या प्रकरणात चूक माझी झाली होती. म्हणून तो लिहिणेही माझ्याकडेच आले.

कुंड्या आणल्या तेव्हा झाडे पाहण्यासारखी होती. साधारण तीन फूट उंची, जाड बुंधा आणि गच्च पानांचा डेरा. फायकस बेंजामिना हा आपल्या वड, पिंपळ, उंबराच्याच कुळातला, त्यांचाच भाऊबंद. रानात तो मोठा वृक्ष होतो. कुंडीत लावून घरात ठेवतात तो त्याचा लहानपणचा अवतार. कुंड्या ट्रॉलीवरून उतरवताना आमचे माळीबाबा म्हणाले, "साहब, यह धूप का पला है, अंदर रोएगा।" मी हसलो. पाहुणे यायला चार दिवस उरले होते.

पाहुणे येऊन गेले, कौतुकही झाले. आठव्या-नवव्या दिवसापासून पाने गळू लागली. ती पिवळी पडून गळत नव्हती. हिरवीगार, तजेलदार पाने नुसता धक्का लागला तरी खाली पडत. महिन्याभरात बारापैकी बहुतेक झाडांच्या काड्या दिसू लागल्या. मी एका कुंडीत बोट घातले, माती ओली लागली, आणि दिवाळीच्या सुटीवर निघण्यापूर्वी अहवालात दोन ओळी लिहिल्या: पाणी जास्त झाल्याने मुळे कुजली, देखरेखीत हयगय. त्या दोन ओळींवरून कुंड्यांची निम्मी किंमत माळीबाबांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापली गेली. एकाही झाडाची मुळे मी उपसून पाहिली नव्हती.

आता माती ओली का होती ते पाहू. पान गळाले की झाडाचे पाणी पिणे कमी होते, आणि अंधाऱ्या जागी तर ते आणखी कमी होते. माळीबाबा पूर्वीइतकेच पाणी घालत होते, पण ते वापरणारी पानेच उरली नव्हती. म्हणजे ओली माती हा गळतीचा परिणाम होता आणि मी त्यालाच कारण ठरवले. अकरावीच्या वर्गात अशी चूक कोणी केली तर मी त्याचे गुण कापतो.

माझे गाव जळगाव जिल्ह्यात. घरची केळी आहे. सुटीत थोरल्या भावाबरोबर टिश्यू कल्चरची रोपे आणायला गेलो. प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेले केळीचे रोप थेट शेतात लावत नाहीत, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आधी ते दमट हरितगृहात ठेवतात, मग शेडनेटखाली काही आठवडे वाढवतात आणि त्यानंतर ते उन्हात जाते. याला सगळे हार्डनिंग म्हणतात. त्या शेडनेटखाली उभा असताना मला कॉरिडॉर आठवला. सावलीतून उन्हात जाणाऱ्या रोपाला सवय लावावी लागते, मग उन्हातून सावलीत जाणाऱ्याला नको? ही दुसरी बाजू माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. आपल्याला वाटते की ऊन तापदायक आणि सावली सुखाची. ते माणसापुरते खरे आहे.

कॅडेटांना हा विषय समजायला जड जाऊ नये. सैनिकाला उंचीवर पाठवताना अ‍ॅक्लमटायझेशन असते, हे तुम्ही ऐकले आहे. 9,000 ते 12,000 फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, त्यापुढे 15,000 फुटांपर्यंत चार, आणि त्यावर आणखी चार. 1962 साली नेफाच्या सीमेवर कित्येक जवान ही सवय न होता उंचीवर पोचले आणि शत्रूची गाठ पडण्याआधीच विरळ हवेने त्यांना गाठले. जवान धडधाकट होते. त्यांच्या शरीराला वेळ मिळाला नव्हता. आमचे फायकसही धडधाकट होते, इतकेच साम्य इथे घ्या. पुढे हे साम्य एका ठिकाणी तुटते, ते सांगतोच.

आधी उजेडाचे माप घेऊ. डोळा या कामात फार फसवतो. बाहुली लहानमोठी होते, पडदाही जुळवून घेतो, त्यामुळे मैदानावरून कॉरिडॉरमध्ये आलो की "थोडे अंधारले" इतकेच जाणवते. लक्समीटर तसे काही जुळवून घेत नाही. इथे राजस्थानात स्वच्छ दुपारी मैदानावर तो एक लाख लक्सच्या आसपास दाखवतो. वर्गात खिडकीला लागून ठेवलेल्या टेबलावर दीड हजार. ज्या कोपऱ्यात कुंड्या होत्या तिथे भर दुपारी 200. म्हणजे झाडाचा उजेड एका दिवसात पाचशेपटीने घटला. ज्यांना कॅमेऱ्याची आवड आहे त्यांनी हिशोब करून पाहावा, नऊ स्टॉपचा फरक येतो.

झाडाच्या दृष्टीने उजेड म्हणजे मिळकत. प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार होते ती जमा, श्वसनात साखर जळते तो खर्च. उजेड कमी करत गेलो की एका पातळीला जमा आणि खर्च सारखे होतात. तिला प्रकाशाचा भरपाई बिंदू म्हणतात. परीक्षेत याची व्याख्या सगळे बरोबर लिहितात, पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दिवसभर बरोबर भरपाई बिंदूइतका उजेड मिळाला तरी झाड तोट्यातच असते, कारण रात्री मिळकत शून्य आणि श्वसन चालूच. रात्रीचा खर्च भागवायचा तर दिवसा त्या बिंदूच्या बरेच वर राहायला हवे. त्यातून कॉरिडॉरमधले दिवे रविवारी आणि सुट्यांत बंद असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. हा बिंदू झाडाच्या जातीवर जसा अवलंबून असतो, तसाच ते झाड कुठे वाढले यावरही असतो. भर उन्हात उघडलेले पान लहान, जाड आणि फिकट हिरवे असते. फायकसात ते मध्यशिरेवर होडीसारखे दुमडलेले दिसते. आतल्या स्तंभ ऊतींचे थर जास्त असतात आणि हरितलवके पेशीच्या उभ्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या आडोशाला उभी असतात. उजेड उदंड असताना ही रचना उत्तम, पण असे पान चालवायला खर्चही जास्त येतो. सावलीत उघडलेले पान पातळ, मोठे, सपाट आणि गर्द असते. त्याची हरितलवके उजेडाकडे तोंड करून पसरलेली असतात, म्हणजे आलेला कण वाया जाऊ नये. त्याचे श्वसनही मंद, त्यामुळे भरपाई बिंदू खाली येतो. तीच जात, तीच फांदी, तरी ज्या उजेडात एकाचे भागते त्यात दुसरे उपाशी राहते.

उन्हातले झाड एकदम अंधारात आणले की खर्च जुनाच राहतो आणि मिळकत बंद होते. साठवलेल्या पिठुळावर काही दिवस निभावते, म्हणून पहिला आठवडा सगळे ठीक दिसते आणि विकणारा, घेणारा दोघेही निश्चिंत राहतात. मग झाड खर्च कमी करायला लागते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक तुटण्याचा थर तयार होतो आणि पान सुटते. इथिलीन वायू या कामाला गती देतो. ताडपत्रीने झाकलेल्या ट्रकमध्ये झाडे दोन-तीन दिवस अंधारात दाटीवाटीने असतात, तिथेच याची सुरुवात होऊ शकते.

उंचीवरच्या सैनिकाशी साम्य तुटते ते इथे. सैनिकाचे तेच शरीर बदलते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. झाडाचे उघडलेले पान मात्र थोडेच बदलू शकते. हरितलवके जागा बदलतील, श्वसन काहीसे मंदावेल, पण जाड पानाचे पातळ पान होत नाही. खरा बदल नव्या पानांतून येतो, कारण ती ज्या उजेडात उघडतात त्याच उजेडासाठी घडतात. म्हणून झाडाला सवय लावायची मुदत आठवड्यांत मोजतात, मोठ्या झाडांची तर महिन्यांत.

हे सारे पद्धतशीर अभ्यासले गेले ते अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, 1970 च्या दशकात. तिथे त्या काळी ऑफिसांत, दुकानांच्या मोठ्या संकुलांत, घराघरांत कुंडीतली झाडे ठेवण्याची लाट आली होती आणि अपोप्का हे गाव या व्यापाराचे केंद्र होते. उन्हात झपाट्याने वाढवलेले फायकस गिऱ्हाइकाच्या घरी पोचून बोडके होत. अपोप्काच्या कृषी संशोधन केंद्रात चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी विक्रीपूर्वी झाडे सावलीत ठेवण्याचे प्रयोग केले. आधी सावलीत ठेवलेली झाडे आत नेल्यावर कितीतरी कमी पाने गाळत. त्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, तिचा मला धक्का बसला: खत. भरपूर खतावर वाढलेले झाड दिसायला देखणे, पण आत नेल्यावर जास्त तक्रार करते. सवयीच्या काळात खत कमी करावे आणि कुंडीत साठलेले क्षार भरपूर पाण्याने एकदा धुऊन काढावेत. मी तर गळती सुरू झाल्यावर घाईघाईने युरिया घालायला लावला होता!

विकणारे असे का करतात, हा प्रश्न कॅडेटांनी विचारलाच. यात फसवणूक पाहू नये. उन्हात बुंधा लवकर जाड होतो, झाड भरगच्च दिसते, वर्षात जास्त माल निघतो. सावलीत ठेवायचे तर जाळी, जागा आणि दोन-तीन महिने जादा लागतात, आणि तो खर्च दिसत नसल्याने गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. आमचा माल आंध्रातल्या कडियमचा होता. राजमहेंद्रीजवळचे हे गाव नर्सऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. शिवाय ते आहे गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे त्र्यंबकेश्वरी उगवलेल्या आपल्याच नदीच्या शेवटाशी. त्यांनी उन्हातले उत्तम झाड वाढवले होते. ते 200 लक्सच्या कोपऱ्यात जाणार हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि स्थानिक विक्रेत्याला मीही सांगितले नव्हते.

सुटीवरून परतलो तेव्हा माझी खात्री झाली होती, पण मी अहवाल दुरुस्त केला नाही. पुरावा हवा, असे स्वतःला सांगत राहिलो. पुरावा हवा होता हे खरे. पण मूळ दोन ओळी लिहिताना मी तो मागितला नव्हता, हेही तितकेच खरे.

जुलैत अकरावीच्या सहा कॅडेटांनी प्रयोग हाती घेतला. त्याच विक्रेत्याकडून त्याच मापाचे चार फायकस आणले. कॉरिडॉरमध्ये न नेता वसतिगृहामागे हिरव्या जाळीखाली ठेवले. पहिले चार आठवडे 75 टक्के सावलीची एक जाळी, म्हणजे उन्हाचा चौथा हिस्सा. पुढचे चार आठवडे तशाच दोन जाळ्या, म्हणजे सोळावा हिस्सा, भर उन्हात सहा हजार लक्सच्या आसपास. खत बंद, क्षार एकदा धुतले, पाणी माती वरून सुकल्यावरच. सप्टेंबरात या कुंड्या आत न्यायच्या आणि पाने मोजायची, असे ठरले.

एका कॅडेटने इथे हात वर केला. मागल्या वर्षीची झाडे ऑक्टोबरात आत आली, ही सप्टेंबरात येणार. हवा वेगळी, ओलावा वेगळा, तर तुलना कशी करणार? अगदी बरोबर. म्हणून सप्टेंबरात उन्हात वाढलेले आणखी चार फायकस आणून त्याच दिवशी, त्याच कॉरिडॉरमध्ये, एक सोडून एक असे मांडले. माझा आग्रह असा होता की आठही कुंड्यांना पाणी माळीबाबांनीच घालावे, त्याच मगाने, त्याच दिवशी. हयगय होत असेल तर ती आठही झाडांत दिसेल. मी हे का मागतो आहे ते त्यांना कळले असावे. ते काही बोलले नाहीत.

प्रत्येक कुंडीखालची पाने कागदी पिशवीत जमा करून दर रविवारी मोजली जात. जाळीखालून आलेल्या झाडांनी पहिल्या पंधरवड्यात मूठभर पाने टाकली आणि नंतर जवळजवळ थांबली. थेट उन्हातून आलेल्यांच्या पिशव्या दुसऱ्या रविवारपासून फुगू लागल्या आणि महिन्याच्या अखेरीस मोजणाऱ्या कॅडेटाला मदतनीस घ्यावा लागला. सवय झालेल्यांपैकी एक झाड मात्र वाईट गळाले. ते दाराजवळ होते आणि दार सतत उघडझाप होत होते. वाऱ्यामुळे असेल, पण एका झाडावरून मी काही ठरवत नाही. वहीत तशी नोंद आहे. आठ कुंड्यांचा प्रयोग फार मोठा दावा करायला पुरत नाही, हेही कॅडेटांनी स्वतःहून लिहिले. पण पाण्याचा प्रश्न त्याने निकाली काढला.

आता पालकांसाठी थोडे, कारण झाडे विकत घेणारे तेच. नर्सरीत झाड आवडले की ते कुठे उभे होते ते आधी पाहा. उघड्यावर असेल, पाने लहान, जाड, दुमडलेली आणि फिकट असतील तर ते उन्हातले. पाने सपाट, मोठी, गर्द आणि थोडी विरळ असतील तर ते घराला तयार. अशा वेळी गच्च डेऱ्याचा मोह आवरावा. उन्हातलेच घेतले तर सवय आपण लावू शकतो: आधी गॅलरीत आडोशाला, काही आठवड्यांनी खिडकीशी, मग आत. फ्लॅटमध्ये आतला कोपरा बहुधा 200 लक्सचाही नसतो, तिथे फायकसाचा हट्ट न धरता झेडझेड किंवा स्नेक प्लांट ठेवावे. ती अंधार बरीच सोसतात. क्रोटनचे रंग मात्र आत उतरणारच.

पंधरा दिवस आत, पंधरा दिवस बाहेर, अशी पाळी बऱ्याच घरांत असते. बाहेरची पाळी उजेडाच्या सावलीत असेल तर ठीक. थेट उन्हात ठेवले तर आत घडलेली कोवळी पाने करपतात, आणि झाडाची कुठलीच सवय पक्की होत नाही. झाड बोडके झाले तरी लगेच टाकू नका. फांदीची साल नखाने खरवडून पाहा, आत हिरवे असेल तर जीव आहे. उजेडाच्या जागी न्या, पाणी निम्म्यावर आणा, खत देऊ नका. आमच्या पहिल्या बारांतली सात झाडे अशीच पुन्हा पालवली आणि आज मेसच्या व्हरांड्यात उभी आहेत.

ऑक्टोबरात मोजणीची वही जोडून मी जुना अहवाल लेखी मागे घेतला. हयगय माळ्याची नसून झाडे निवडणाऱ्याची आहे, असे त्यात लिहिले. कापलेली रक्कम त्यांच्या पुढच्या पगारात परत आली, म्हणजे जवळजवळ वर्षानंतर. मी त्यांच्याकडे गेलो आणि तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितले होते, असे म्हणालो. ते वाफ्यातले तण काढत होते. "जी, बोला तो था," इतकेच म्हणाले आणि दुसऱ्या जाळीचे माप विचारू लागले, कारण एम. आय. रूमच्या बाहेरच्या बाकाशी चार कुंड्या ठेवायच्या आहेत आणि तिथे उजेड कॉरिडॉरपेक्षाही कमी आहे. त्या चार कुंड्या सध्या पहिल्या जाळीखाली आहेत. दोन जाळ्यांखाली कधी न्यायच्या आणि आत कधी, ती तारीख या वेळी त्यांनी ठरवली आहे.